कोणाच्याही गाडीत न बसता

शुक्रवार, १३ एप्रिल २०१८. मादबा.
आकाश स्वच्छ. सकाळी सहाला अकरा अंश. तौफीक सहा वाजून दहा मिनिटांनी निघाला. पुढच्या चाकात हवा कमी होती, ती भरली. सोबत दोन सदरे, एक स्वेटर, गोळ्यांची डबी, पंप, पंक्चरचं सामान, झातरचा मसाला लावलेल्या चार भाकऱ्या. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं नाही. दुपारी फ्लॉवर तळला. शेजारणीनं चाळणी परत केली.

ही नोंद वदादची. वदाद तौफीकची थोरली बहीण, सत्तर वर्षांची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. वयाच्या बाराव्या वर्षी ननांच्या शाळेत सिस्टरनं तिच्या हातात एक वही दिली आणि सांगितलं, "जे घडलं ते इथे लिही. जे वाटलं ते प्रार्थनेत सांग." तेव्हापासून वदादनं एक दिवस चुकवला नाही. अठ्ठावन्न वह्या लोखंडी कपाटात ओळीनं उभ्या आहेत. लिंबाचं झाड कोणत्या साली लावलं, बासिलला गोवर कधी आला, कोणाच्या लग्नात कोण रुसलं, घरात वाद झाला की कपाट उघडायचं. वही सांगेल ते खरं, त्यावर अपील नाही.

तौफीक चौसष्ट वर्षांचा. एकतीस वर्षं त्यानं मादब्यात आणि आसपासच्या गावांत विजेचे मीटर वाचले, तेही सायकलवरून. काळी, जाडजूड, तीन गिअरची सायकल. घर कोणाचं हे त्याला माणसांवरून नाही, मीटरवरून आठवायचं. "ते का, ज्यांचं चक्र गुरुवारी गरगर फिरतं? गुरुवारी सगळे एकामागून एक आंघोळ करतात त्यांच्याकडे." बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा बासिल अकाबाच्या बंदरात क्रेन चालवायचा आणि तिथेच राहायचा. तौफीक वदादच्याच गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात एकटा. दारात अंजिराचं झाड, भिंतीवर निवृत्तीच्या दिवशी मागून घेतलेला एक जुना मीटर, आणि रोज सकाळी सायकलवरून गावाला एक चक्कर. यापलीकडे त्याला काही नको होतं.

नोव्हेंबरात त्याच्या हृदयात स्टेंट बसवला. तो राजधानी अम्मानला वदादबरोबर गेला, तीन दिवसांत परत आला आणि मुलाला काही कळवलं नाही. दहा दिवसांनी गावचा न्हावी कामानिमित्त अकाबाला गेला आणि बासिलला म्हणाला, "अब्बूंची तब्येत आता बरी ना?" बासिल त्याच संध्याकाळी गाडी घेऊन मादब्यात हजर. त्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद सुरू झालं, की इथलं घर विका आणि अकाबाला राहायला या.

ईस्टरच्या जेवणाला सगळे वदादकडे जमले होते. तांदूळ भरलेलं कोकरू अजून ताटात होतं.

"बाबा, खोलीला रंग दिलाय," बासिल म्हणाला. "निळा. तुम्हाला आवडतो तसा."

"मला निळा आवडतो हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही कुठे काय सांगता? अंदाजानं दिला."

"मी माझ्या घरी बरा आहे."

"एकटे जिन्यावरून पडलात तर?"

"माझ्या घराला जिना नाही."

बासिलची बायको हाला हसू दाबत पाणी आणायला उठली. बासिल मात्र चिडला. "जिन्याचं राहू द्या. चौकापर्यंत जाताना धाप लागते तुम्हाला."

"चौक?" तौफीकनं हाड ताटात ठेवलं. "मी सायकलनं अकाबाला येईन!"

सगळे हसले. बासिलही हसला, आणि हसता हसताच म्हणाला, "या की. वाटेत एकदाही कोणाच्या गाडीत न बसता आलात, तर 'अकाबाला राहायला या' हे शब्द मी पुन्हा तोंडातून काढणार नाही. बसलात, तर पुढच्या महिन्यात सामान बांधायचं."

"वदाद, लिही," तौफीक म्हणाला.

वदादनं हात पुसले, वही आणली आणि लिहिलं. चढावर उतरून चालायला परवानगी, कारण डॉक्टरांची तशी ताकीद होती. रोज संध्याकाळी वदादला फोन, आणि घडलं ते सगळं सांगायचं. खाली दोघांनी सह्या केल्या. बासिलनं हसत हसत केली, तौफीकनं चष्मा लावून.

साडेतीनशे किलोमीटरला थोडं कमी, असा तो रस्ता. तौफीकला काळजी होती ती चढांची, वाऱ्याची आणि छातीची. खरा त्रास कशाचा होणार, हे पहिल्याच तासात कळलं. मादब्याची शेवटची घरं मागे पडतात न पडतात तोच टोमॅटोचा एक पिकअप कचकन थांबला. आत दोन भाऊ.

"काका, चढा. सायकल मागे टाकतो."

"नको रे बाळांनो, देव तुमचं भलं करो."

"अहो, भाडं कोण मागतंय?"

"ते ठाऊक आहे मला. पण मला चालवतच जायचंय."

"कुठे?"

"अकाबाला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा खाली उतरला आणि हळूच विचारू लागला, "काका, घरात कोणी काही बोललं का? आमच्याकडे चला. चार दिवस राहा. राग शांत होतो माणसाचा."

त्यांचं मन मोडू नये म्हणून तौफीकनं काकड्यांची एक पिशवी घेतली. ही मोठीच चूक झाली, कारण पुढे तोच रिवाज पडला. गाडी थांबायची, तो नाही म्हणायचा, गाडीवाल्याचं तोंड उतरायचं आणि तौफीकच्या कॅरिअरवर काहीतरी चढायचं. दुपारपर्यंत काकड्या, दोन मोठ्या रोट्या, जमीदचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, तीन दगडासारखे गोळे आणि ऑलिव्हची एक बरणी झाली. जिवंत कोंबडी मात्र त्यानं छातीवर हात ठेवून नाकारली.

संध्याकाळी धीबानमधून त्यानं फोन केला. ज्याचा मीटर त्यानं वीस वर्षं वाचला होता अशा एका माणसाकडे तो उतरला होता.

"किती गाड्या थांबल्या?" वदादनं विचारलं.

"सतरा."

"बसलास किती?"

"एकीतही नाही. पण वदाद, निघालो तेव्हापेक्षा सामान आठ किलोनं वाढलंय."

"यजमानांना देऊन टाक."

"दिलं. त्यांनी त्याच्या दुप्पट बांधून ठेवलंय सकाळसाठी."

दुसऱ्या दिवशी मुजिबची दरी होती. उतारावर ब्रेक तापून वास येऊ लागला तेव्हा तो तीनदा थांबला. चढ सुरू झाला तसा तो उतरला आणि सायकल ढकलत चालू लागला. दोन वळणं जातात तोच पाण्याचा एक टँकर मागून आला आणि पहिल्या गिअरमध्ये त्याच्या बरोबरीनं चालू लागला. चालक खलफ, पोट सुटलेला, तोंडाला विश्रांती नाही असा.

"गाडीत बसत नाहीस ते कळलं, काका. टोमॅटोवाल्यांनी सांगितलं. मी काही बस म्हणत नाही. पण एकट्यानं चढ चढणं वाईट. गप्पा तर मारशील?"

गप्पा सुरू झाल्या. खलफच्या सहा मुली, त्यांची लग्नं, जावयांची सोंगं. चौथ्या जावयापर्यंत आले तेव्हा खलफ म्हणाला, "ऐकू येत नाही रे नीट, जवळ ये. सायकलवर बस आणि मागच्या शिडीला हात लाव. मी आरशातून बोलतो." तौफीकनं हात लावला. चौथा जावई फारच मजेशीर निघाला.

त्या संध्याकाळी वदादनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हात शिडीला होता तेव्हा पाय काय करत होते?"

पलीकडे तौफीक घसा खाकरला.

"तौफीक?"

"आराम करत होते."

"किती वळणं?"

"दोन. वदाद, पण मी गाडीत बसलो नाही!"

"बसलास असं मी लिहीत नाहीये. दोन वळणं पायांनी आराम केला, असं लिहितेय."

रविवारी सकाळी दरीच्या वरच्या गावातले यजमान न्याहारीची तयारी करत होते, तेवढ्यात तौफीक सायकल घेऊन उलट्या दिशेला निघाला. दरीत उतरला, ती दोन वळणं नीट ओळखली आणि पायी चढून पुन्हा वर आला. वर खलफ दुसऱ्या फेरीला निघालेला. त्यानं करकचून ब्रेक मारला.

"काका, तू कालच वर गेला होतास ना?"

"गेलो होतो."

"मग खाली काय विसरलास?"

"दोन वळणं."

सगळं ऐकल्यावर खलफनं देवाचं नाव घेतलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तौफीकच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग तो टँकर घेऊन गेला आणि वाटेत दिसेल त्याला ही गोष्ट सांगत सुटला. करकपर्यंत तौफीकच्या पुढे त्याची बातमी धावली. त्या टप्प्यात एकही गाडी थांबली नाही. सगळ्या नुसत्या भोंगे वाजवत गेल्या, आणि एका शाळेची पोरं कुंपणावर चढून "दोन वळणं! दोन वळणं!" असं ओरडली. तौफीकला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

पण खलफचा टँकर करकच्या पुढे जात नसे. तफीलाच्या वाटेवर पुन्हा पहिले पाढे सुरू झाले.

मंगळवारी शोबकजवळ, सफरचंदाच्या बागा नुकत्याच फुलल्या होत्या तिथे, एक बाई रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसली होती. उम्म आतेफ, म्हणजे आतेफची आई, याच नावानं तिला सगळे ओळखत. मुलं शहरात, ती बाग सांभाळत एकटी. तिनं तौफीकला गाडीत बस म्हटलं नाही, कारण तिच्याकडे गाडी नव्हती. त्यामुळेच तो निवांत टेकला. तो मीटर वाचायचा हे कळताच ती उठून उभी राहिली.

"मग आधी माझा बघ. दिवा बंद, टीव्ही बंद, तरी मेलं चक्र फिरतंच. मी म्हणते भुताटकी आहे. आतेफ म्हणतो, आई, तू म्हातारी झालीस."

तौफीक मीटरसमोर उभा राहिला. सकाळभर दुखणारे गुडघे तो विसरला. त्यानं चक्राच्या फेऱ्या मोजल्या, मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, "साठ वॅटचा दिवा. कुठेतरी एक साठचा दिवा जळतोय."

"घरात एकही नाही."

"घरात नाही. बाहेर शोधा."

शोधता शोधता कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला. हिवाळ्यात पिल्लांना ऊब म्हणून लावलेला, पेंढ्याआड दडलेला. उम्म आतेफनं कपाळावर हात मारला आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आतेफला सांगू नकोस हं!"

"मी कशाला सांगेन?"

"तुझ्या मुलाला असं सगळं सांगतोस का तू?"

तौफीक काहीतरी बोलणार होता, पण तिनं आधीच अंडी उकडायला ठेवली होती. बारा अंडी. बाराच्या बारा कॅरिअरवर चढली.

बुधवारी दुपारपासून वारा सुटला. रास अन-नकबचा वारा काय असतो हे त्यानं ऐकलं होतं. अंगावर घेतला तो प्रथमच. शेवटचे सहा किलोमीटर त्याला दोन तास लागले. रस्त्यालगत एक सिमेंटचं घर आणि त्यापुढे पाहुण्यांसाठी बकरीच्या काळ्या केसांचा लांबलचक तंबू होता. तंबूच्या दारात घरधनी उभा. अबू मुतलक. म्हणजे मुतलकचा बाप. साठीचा, उंच, आणि त्याची मिशी पाहिल्यावर माणूस बाकीचं पाहायचं विसरेल अशी होती. दोन्ही टोकं वर वळलेली, मेण लावलेली, वाऱ्यातही न हलणारी.

"अशा वाऱ्यात सायकल?" त्यानं तौफीकच्या हातातून सायकल काढून घेतली. "आत ये. नाव नंतर सांग."

मनसफचं, दह्यात शिजवलेल्या मटणाचं आणि भाताचं, ताट आलं. शेजारचे चार-पाच जण जमले. तौफीक पोटभर जेवला, गोळी घेताना हृदयाचं दुखणं आणि अकाबातला मुलगा बासिल एवढं सांगितलं, वदादला फोन केला आणि गाढ झोपला. सकाळी बाहेर आला तेव्हा वारा तसाच होता आणि त्याची सायकल अबू मुतलकच्या पिकअपमध्ये दोरांनी बांधलेली, वर घोंगडी पांघरलेली, आजारी बकरीसारखी आडवी पडली होती.

"हे काय?"

"काही नाही. मुतलक तुला अकाबाला सोडेल. दीड तासात मुलाच्या दारात."

"नको, अबू मुतलक. मी चालवत जाणार."

"बरं बरं, आधी कॉफी पी."

तंबूत कालचीच मंडळी पुन्हा जमली होती. तौफीकनं दुसऱ्यांदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. अबू मुतलकला वाटलं, पाहुणा संकोचतोय. तिथल्या माणसाला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. तो उठून मधोमध उभा राहिला.

"ऐका सगळ्यांनी. हृदयाचं दुखणं झालेला माणूस माझ्या घरून, या वाऱ्यात, त्या भंगारावर बसून जाणार? लोक काय म्हणतील मला? हा पाहुणा माझ्या गाडीतूनच जाईल. सायकलवरून गेला, तर ही मिशी उतरवीन मी!" आणि त्यानं मिशीचं उजवं टोक चिमटीत धरलं.

मंडळींनी माना डोलावल्या. विषय संपला होता.

मुतलकनं पितळी किटलीतून कॉफी ओतली. पहिला कप तौफीकच्या हातात आला, कॉफी बिनसाखरेची, वेलचीच्या वासाची. तौफीक त्या कपाकडे पाहत राहिला. अकाबातली निळी खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली. अंजिराचं झाड आलं, सकाळची चक्कर आली. मग त्याला बासिलच्या सोयरिकीचा दिवस आठवला. हालाच्या बापासमोर तौफीकच्या थोरल्या चुलत्यानं असाच कप घेतला होता, आणि न पिता समोर ठेवला होता, मागणी मान्य होईपर्यंत. ते काम मोठ्या माणसांचं, लग्नासाठी किंवा खुनाच्या समेटासाठी करायचं. तौफीकनं आयुष्यभर हातात येईल तो कप मुकाट्यानं प्यायला होता.

त्यानं कप समोर चटईवर ठेवला. हात मागे घेतला.

वाऱ्यानं तंबूचे दोर कुरकुरत होते.

अबू मुतलकनं कपाकडे पाहिलं, मग तौफीककडे. त्याचा आवाज एकदम गंभीर झाला. "कॉफी पी, अबू बासिल. तुझी मागणी मान्य."

"आधी ऐकून तरी घे."

"ऐकून मान्य करतात ते बाजारात. पी तू."

तौफीकनं कॉफी प्यायली. "माझी मागणी एवढीच आहे, की माझी सायकल तुझ्या पिकअपवरून खाली उतरव."

कोणीतरी खोकलं. मुतलक किटली हातात धरून तसाच उभा राहिला. पडद्यामागच्या बायकांच्या भागातून खुसखुस ऐकू आली, आणि पाठोपाठ अबू मुतलकच्या बायकोचा आवाज. "अडतीस वर्षं सांगतेय मी, टोचते म्हणून!"

"तू गप गं!" अबू मुतलक ओरडला. मग तौफीकसमोर उकिडवा बसला. "फसवलंस मला."

"म्हणूनच म्हणत होतो, ऐकून घे."

"एवढं काय आहे त्या सायकलीत?"

तौफीकनं सगळं सांगितलं. स्टेंट, न्हावी, निळा रंग, ईस्टरचं जेवण, वदादची वही, दोन वळणं. अबू मुतलकनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे मुलगा घरी बोलावतोय आणि तू त्याच्यापासून पळतोयस?"

"पळतोय कुठे? त्याच्याच घरी तर चाललोय."

अबू मुतलकला हसू आलं, पण ते मिशीपर्यंत येऊन अडलं. तौफीक हळूच म्हणाला, "मिशी राहू दे, भल्या माणसा. इथे बसलेत ते सगळे तुझेच."

"माझेच आहेत म्हणूनच तर!" अबू मुतलक उठला. "मुतलक, वस्तरा आण."

पिकअपच्या आरशात बघून त्यानं ती स्वतः उतरवली. कोणाला हात लावू दिला नाही. पडद्यामागून बायकांनी लग्नातल्यासारखा जिभेचा लांब गजर केला. मिशी गेल्यावर वरच्या ओठावरचा भाग उम्म आतेफच्या सोललेल्या अंड्यासारखा पांढरा निघाला. तीन वर्षांचा नातू त्याला बघून आईच्या मागे लपला आणि घरचा कुत्रा त्याच्यावर भुंकला.

"आता ऐक," तोंडावर रुमाल धरत अबू मुतलक म्हणाला. "मी गाडी घेऊन तुझ्या मागे येणार. तुला बसवायला नाही. दुसरा कोणी तुला बसवू नये म्हणून. माझी मिशी गेलीय, अबू बासिल. आता तुला पोचावंच लागेल."

गुरुवारी संध्याकाळी कुवेराहून फोन गेला. वदादनं एकेक करून सगळं विचारलं.

"मिशी कोणी उतरवली?"

"त्यानंच."

"ओली करून की कोरडीच?"

"वदाद!"

"ओली की कोरडी?"

"कोरडीच. रागात होता."

ती उद्या पहाटेच्या बसनं अकाबाला निघणार होती. वही आणि कॉफीचा थर्मास घेऊन.

शेवटचा दिवस. यतमच्या दरीत दोन्ही बाजूंनी लाल डोंगर, मध्ये बंदराकडे जाणारे ट्रक, आणि उन्हानं रस्ता मऊ झालेला. तौफीक पुढे, त्याच्या मागे दिवे लुकलुकवत पिकअप, पिकअपच्या मागे अडकलेले ट्रक. त्यातल्या एकाला वाटलं लग्नाची वरात आहे, आणि तो ताल धरून भोंगा वाजवू लागला. अकाबा वीस किलोमीटर उरलं तेव्हा तौफीकचे पाय संपले. सायकल आडवी टाकून तो दगडावर बसला. नाडी मोजली, ठीक होती. गोळी घेतली, पाणी प्यायला. उठावंसं मात्र वाटेना.

अबू मुतलक शेजारी येऊन उभा राहिला. कालपर्यंत सायकलवर बसू नकोस म्हणणारा हाच माणूस.

"छातीत दुखतंय?"

"नाही. पाय."

"पाय दुखायलाच असतात. अर्धा तास बैस, मग ऊठ. मी काय मिशी वाऱ्यावर सोडली?"

तौफीकला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, आणि ठसका थांबला तेव्हा तो उभा होता.

जकात नाक्यापाशी बासिल गाडी घेऊन उभा होता. बापाला पाहताच धावत आला. "बाबा! बास झालं आता. मी मानलं. बसा आत, शेवटचे दहा किलोमीटर..." आणि त्यानं गाडीचं दार उघडलं.

"दार लाव!" मागून आवाज आला. बासिलनं वळून पाहिलं. एक उंच, अनोळखी बेदुइन माणूस तोंडावरचा रुमाल काढून धावत येत होता. "दाराला हात लावलास तर बघ! हे बघ. हे बघितलंस? काल इथे मिशी होती!"

बासिलनं दार लावलं.

संध्याकाळी बासिलच्या घरात वदादनं चष्मा लावून आठ दिवसांच्या नोंदी मोठ्यानं वाचल्या. सतरा गाड्या. कोंबडी नाकारली. दोन वळणं. बासिल त्या ओळीपाशी हसला. साठचा दिवा. मिशी, कोरडी. शेवटी वदाद म्हणाली, "गाडीत बसणं, शून्य." वही मिटली.

"मान्य," बासिल म्हणाला. "ते शब्द पुन्हा नाही."

तौफीकनं खुर्चीत अंग सैल सोडलं. वदादनं थर्मासमधून कॉफी ओतली. पहिला कप अबू मुतलकला, दुसरा तौफीकला, तिसरा बासिलला.

बासिलनं कप टेबलावर ठेवला. हात मागे घेतला.

हाला दारातच थबकली. वदादनं चष्म्यावरून पाहिलं. "घर तुझं आणि मागणीही तुझीच? हे कुठलं रे?"

"बाप बसलाय तिथे घर बापाचं," अबू मुतलक म्हणाला. "पोरानं बरोबर केलंय." आणि तो तौफीककडे टक लावून बघत राहिला.

तौफीकच्या तोंडचं पाणी पळालं. आठ दिवस, सगळे चढ, तो वारा, आणि आता एक कप. आधी मान्य करायचं आणि मग ऐकायचं, हेच त्यानं काल दुसऱ्याकडून वसूल केलं होतं, आणि ज्याच्याकडून केलं तो माणूस पांढरा ओठ घेऊन समोर बसला होता. तौफीकनं अंजिराच्या झाडाचा मनात निरोपच घेतला.

"पी, बाळ," तो म्हणाला. "मान्य."

बासिल एका घोटात कॉफी प्यायला. "तुम्ही दवाखान्यात होतात हे मला न्हाव्यानं सांगितलं. या आठ दिवसांत तुम्ही कुठे आहात ते मी रोज रात्री आत्याला फोन करून विचारत होतो. यापुढे जे काही होईल ते त्याच दिवशी मला सांगायचं. न्हाव्याच्या आधी. आत्याच्या वहीच्याही आधी."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग खोलीला रंग कशाला दिलास?"

"तुम्ही फोन करत नव्हतात म्हणून."

तौफीकनं उम्म आतेफच्या खुराड्यातला, पेंढ्याआड कोणाला न दिसता जळत राहिलेला दिवा आठवून मान हलवली. मग खिशातून फोन काढला, समोरच बसलेल्या बासिलचा नंबर लावला, आणि तो वाजल्यावर म्हणाला, "बाबा बोलतोय. गुडघे दुखतायत. डावा जास्त."

अबू मुतलक सवयीनं मिशीला पीळ द्यायला गेला, आणि रिकामा हात तसाच हनुवटीवर ठेवून हसत राहिला.

शुक्रवार, २० एप्रिल २०१८. अकाबा.
दुपारी चौतीस अंश. बस नऊ मिनिटं उशिरा. तौफीक चार वाजून चाळीस मिनिटांनी पोचला. सोबत रास अन-नकबचे अबू मुतलक, ते जेवून साडेसातला परत गेले. उरलेल्या सात अंड्यांपैकी पाच चांगली निघाली. तौफीक आठवडाभर निळ्या खोलीत राहणार. त्या खोलीच्या खिडकीची कडी लागत नाही. कागदाची घडी घालून बंद केली.